शून्य की गैरहजर?
सी भाषेतील एका नियमाची चिकित्सा

निकालपत्रक भरताना प्रत्येक शिक्षक एक काळजी घेतो. मुलाने पेपर दिला पण एकही उत्तर बरोबर आले नाही, तर त्याच्या नावापुढे ० लिहायचे. जो परीक्षेलाच आला नाही, त्याच्यापुढे 'गैरहजर' असा शेरा द्यायचा. दोघांच्याही खात्यात गुण नाहीत, पण दोन्ही नोंदींचा अर्थ एक नाही. समजा, पाच मुलांना ४०, ६०, ०, ५० आणि ५० गुण मिळाले. बेरीज २००, सरासरी ४०. आता शून्यवाल्या मुलाला चुकून गैरहजर धरले, तर २०० ला ४ ने भागले जाईल आणि सरासरी ५० होईल. एका शेऱ्याने वर्ग दहा गुणांनी हुशार झाला!

हा भेद इतका उघड आहे की त्यावर लेख लिहावा असे कोणाला वाटणार नाही. पण ज्या सी भाषेत आजच्या बहुतेक संगणकप्रणालींचा गाभा लिहिलेला आहे, तिच्या मानकात एका ठिकाणी हाच भेद पुसट ठेवला गेला. १९८९ पासून आजपर्यंत तो स्पष्ट होण्याऐवजी अधिकच पुसट होत गेला, असे आमचे मत आहे. ते का, हे या लेखात मांडण्याचा प्रयत्न आहे. ज्यांनी कधी आज्ञावली लिहिलेली नाही, त्यांनाही तो वाचता येईल. लागेल तेवढी माहिती आधी देतो.

जागा मागण्याची रीत

संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेल्या खणांची लांबच लांब रांग समजा. प्रत्येक खणात एक बाइट मावतो आणि प्रत्येक खणाला एक क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. आज्ञावली चालू असताना तिला किती खण लागतील हे पुष्कळदा आधी ठाऊक नसते. वर्गात किती मुले आहेत हे पट उघडल्यावरच कळते, तसे. म्हणून सी भाषेत 'मॅलॉक' नावाची सोय आहे. तिला आपण सांगायचे, 'इतके बाइट जागा द्या.' ती सलग रिकामे खण शोधून पहिल्या खणाचा पत्ता परत देते. काम संपले की 'फ्री' म्हणून जागा परत करायची.

जागा शिल्लक नसेल तर? मग मॅलॉक एक खास पत्ता परत देते. त्याला 'नल' म्हणतात. नल हा कोणत्याही खणाचा पत्ता नसतो. तो नकार असतो. म्हणून प्रत्येक सी शिकवणारा शिक्षक विद्यार्थ्यांना बजावतो की, मॅलॉक केल्यावर लगेच नल आला का ते पाहा. आला असेल तर जागा मिळालेली नाही, पुढे जाऊ नका. सल्ला चांगला आहे. तो अपुरा कसा पडतो, ते आता पाहू.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरे

मॅलॉककडे शून्य बाइट मागितले तर काय होईल?

असे कोण मागेल, असा प्रश्न साहजिक आहे. मुद्दाम कोणी मागत नाही. पण 'नोंदींची संख्या गुणिले एका नोंदीचे बाइट' असा हिशेब करून जागा मागणारी आज्ञावली घ्या. एखाद्या दिवशी नोंदी शून्य निघाल्या की मागणी आपोआप शून्याची होते. हे अपघाताने नाही, गणिताच्या नियमाने होते.

सी भाषेचे पहिले अमेरिकी मानक १९८९ साली आले आणि १९९० साली तेच आंतरराष्ट्रीय झाले. त्यात या प्रश्नाचे उत्तर असे की, नल द्यावा किंवा इतर कोणत्याही पत्त्याहून वेगळा असा एक पत्ता द्यावा. काय द्यायचे ते भाषेची सोय तयार करणाऱ्याने ठरवावे. १९९९ च्या मानकात शब्द थोडे बदलले: एक तर नल द्यावा, नाही तर शून्याऐवजी काही बाइट मागितल्यासारखे वागावे, मात्र त्या पत्त्यावरील जागा वापरता येणार नाही. आशय तोच राहिला. दोन्ही उत्तरे बरोबर!

मग ज्याने त्याने आपापले उत्तर निवडले. लिनक्सबरोबर सामान्यतः येणारा ग्नूचा संग्रह शून्याच्या मागणीला खराखुरा पत्ता देतो. मायक्रोसॉफ्टचा संग्रहही पत्ता देतो. फ्रीबीएसडीही देते. आयबीएमची एआयएक्स मात्र नेहमीच्या मांडणीत नल देते. लिनक्ससारखे वागावे अशी वेगळी सूचना कंपायलरला दिली तरच पत्ता मिळतो.

पत्ता देण्याचीही किंमत असते. प्रत्येक वेळी वेगळा पत्ता द्यायचा म्हणजे प्रत्येक वेळी काहीतरी जागा अडवावी लागते. ग्नूच्या संग्रहात ६४ बिटांच्या संगणकावर सर्वांत लहान तुकडा ३२ बाइटांचा असतो. म्हणजे शून्य बाइट मागितले तरी ३२ बाइट खर्ची पडतात. नल देणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही, हे लक्षात असू द्या.

आमची दोन दिवसांची फजिती

हा प्रश्न आम्हाला पुस्तकात भेटला नाही. आमच्याकडे एका कणमोजणी उपकरणाच्या नोंदी तपासणारी आज्ञावली होती. दर तासाची एक फाइल. ठरावीक ऊर्जेहून जास्त ऊर्जेचे कण किती आले ते आधी मोजायचे, तेवढ्या नोंदींसाठी जागा मागायची आणि पुढचे गणित करायचे. नल आला तर 'स्मृती अपुरी' असे छापून ती फाइल सोडून द्यायची, अशी तजवीज आम्हीच मोठ्या शहाणपणाने करून ठेवली होती.

आमच्या संगणकावर ही आज्ञावली काही वर्षे बिनतक्रार चालली. मग ती दुसऱ्या एका जुन्या यंत्रावर नेली, तर दर थोड्या फाइलींनंतर 'स्मृती अपुरी' असा संदेश येऊ लागला. आम्ही स्मृती तपासली. इतर कामे बंद करून पाहिली. फाइली लहान करून पाहिल्या. संदेश हटेना. गंमत अशी की सर्वांत मोठ्या फाइली सुखरूप पार पडत होत्या आणि अगदी चिमुकल्या फाइलींवर स्मृती संपत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, या सगळ्या फाइलींमध्ये कणांची संख्या शून्यच का आहे?"

तेव्हा उलगडा झाला. ते यंत्र शून्याच्या मागणीला नल देत होते आणि आमची आज्ञावली त्याला नकार समजत होती. पण खरी गोष्ट पुढेच आहे. संदेशांकडे दुर्लक्ष करून आम्ही निकाल घेतला असता, तर काय झाले असते? ज्या तासांत एकही कण आला नाही, ते सर्व तास हिशेबातून गळले असते आणि तासाची सरासरी वाढली असती. कण न येणे ही उपकरणाची गैरहजेरी नव्हती. ते निसर्गाचे उत्तर होते, आणि ते उत्तर शून्य होते. आम्ही निकालपत्रकात शून्यापुढे 'गैरहजर' लिहीत होतो.

चूक आमची होती, हे मान्य. मानकात दोन्ही उत्तरे लिहिलेली होती आणि आम्ही ती वाचली नव्हती. पण ज्या नियमामुळे एकच आज्ञावली एका यंत्रावर खरी आणि दुसऱ्यावर खोटी बोलते, त्या नियमालाही काही प्रश्न विचारायला हवेत.

समितीची बाजू

पहिले मानक तयार करणाऱ्या समितीने आपल्या निर्णयांची कारणेही लिहून ठेवली आहेत. प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे ते लिखाण आहे, कारण त्यात समितीने स्वतःच्या विरुद्ध बाजूचा मुद्दाही प्रामाणिकपणे नोंदवला आहे. शून्य बाइटांना पत्ता दिला तर 'काहीच नाही' आणि 'शून्य' यांतला भेद राखता येतो, हा तात्त्विक फायदा समिती मान्य करते. पण त्यासाठी शून्य लांबीची वस्तू ही कल्पना भाषेत आणावी लागेल, आणि हा तोटा समितीला अधिक मोठा वाटतो. सी भाषेत शून्य घरांची रांग घोषित करता येत नाही. मग केवळ मॅलॉकच्या वाटेने अशी वस्तू जन्माला का यावी? म्हणून समितीने ती कल्पना नाकारली.

या युक्तिवादावर आमचे तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप: कल्पना नाकारली, पण तिच्यावर बंदी घातली नाही. शून्य लांबीची वस्तू नको असेल, तर 'नेहमी नलच द्यावा' असा नियम हवा होता. तो कोणाला आवडला नसता, पण सर्वांना कळला असता. त्या वेळी दोन्ही रिवाज चालू होते आणि कोणाचीही जुनी आज्ञावली मोडू नये अशी समितीची इच्छा होती, हे आम्ही समजू शकतो. पण दोन गावांत दोन मापांचे शेर असतील, तर दोन्ही मापांना 'शेर' म्हणण्याची मोकळीक दिल्याने व्यवहार सुरळीत होत नाही.

दुसरा आक्षेप: घोषित केलेल्या रांगेचा दाखला इथे लागू होत नाही. ज्या रांगेची लांबी लिहितानाच ठाऊक असते, तिथे शून्य लांबी निरर्थक वाटणे ठीक आहे. पण मॅलॉकची गरज मुळी लांबी आधी ठाऊक नसते म्हणूनच पडते. मोजल्यावरच कळणाऱ्या संख्यांत शून्य ही इतर कोणत्याही संख्येइतकीच स्वाभाविक संख्या आहे. सी भाषेत अक्षरमालेची लांबी शून्य असू शकते. क्रम लावण्याच्या फंक्शनला शून्य वस्तू दिल्या तरी चालते. मग जागा मागतानाच शून्याला परका का मानायचे?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मानकाची दोन पाने एकमेकांशी जुळत नाहीत. एका ठिकाणची माहिती दुसरीकडे उतरवणारे 'मेमकॉपी' नावाचे फंक्शन आहे. १९९९ च्या मानकाप्रमाणे त्याला शून्य बाइट उतरवायला सांगता येते, पण तेव्हाही दिलेले पत्ते वैध असले पाहिजेत. नल चालत नाही. आता शून्य नोंदींसाठी जागा मागा, नल मिळवा, आणि त्या जागी शून्य नोंदी उतरवा. काहीच मागितले नाही, काहीच उतरवले नाही, तरीही नियमभंग झाला! एका खिडकीवर शिक्का मारून मिळालेला कागद त्याच कचेरीच्या दुसऱ्या खिडकीवर अवैध ठरावा, तसा हा प्रकार आहे.

आकार बदलताना

शून्याचा हा गोंधळ 'रिअ‍ॅलॉक'मध्ये अधिक धोकादायक होतो. आधी घेतलेली जागा लहान किंवा मोठी करून देणे हे रिअ‍ॅलॉकचे काम. नवा पत्ता मिळाला, तर जुना सोडून द्यायचा. नल मिळाला, तर वाढीव जागा मिळाली नाही आणि जुनी जागा जशीच्या तशी आहे, असे समजायचे. हा करार स्पष्ट आहे.

पण नवा आकार शून्य असेल तर? १९८९ च्या मानकात जुनी जागा मोकळी करावी असे म्हटले होते. १९९९ मध्ये ते वाक्य गेले. इकडे ग्नू आणि मायक्रोसॉफ्टचे संग्रह जुनी जागा मोकळी करून नल देत. अ‍ॅपलची मॅक प्रणाली जुनी जागा मोकळी करून एक छोटी नवी जागा देई. पहिल्या रीतीत नल या एकाच खुणेचे दोन विरुद्ध अर्थ झाले. 'जुनी जागा अजून तुमची आहे' हा एक, आणि 'जुनी जागा गेली' हा दुसरा.

याची किंमत किती मोठी असते, ते २०१९ साली दिसले. व्हॉट्सअ‍ॅपच्या अँड्रॉइड आवृत्तीत जिफ जातीची हलती चित्रे दाखवण्यासाठी एक उघड्या स्रोताचा संग्रह वापरला जात होता. चित्राच्या चौकटींसाठी तो रिअ‍ॅलॉकच्या जातीच्या फंक्शनने जागेचा आकार बदलून घेत असे. नल आला तर 'स्मृती अपुरी' समजून जुना पत्ता तसाच ठेवत असे. आता असे चित्र कल्पा, की पहिली चौकट ठीक आहे, दुसरीचा आकार शून्य आणि तिसरीचाही शून्य. दुसऱ्या चौकटीला जागा मोकळी झाली आणि नल आला. संग्रहाला वाटले, नकार मिळाला, जुनी जागा आहेच. तिसऱ्या चौकटीला तीच जागा पुन्हा मोकळी केली गेली.

मोकळी केलेली जागा पुन्हा मोकळी करणे म्हणजे एकाच खोलीची किल्ली दोनदा परत केल्याची नोंद करणे. मग व्यवस्थापक तीच खोली दोघांना देतो. एकाने ठेवलेल्या वस्तूवर दुसरा आपली वस्तू ठेवतो. जाणूनबुजून तयार केलेल्या चित्राच्या साहाय्याने यातून दुसऱ्याच्या फोनवर आपली आज्ञावली चालवता येते, हे एका संशोधकाने दाखवून दिले. पुढच्या आवृत्तीत दोष दुरुस्त झाला. पण मुळाशी काय होते? आम्ही आमच्या कणांच्या फाइलींबाबत केली तीच चूक: शून्याला मिळालेले उत्तर नकार म्हणून वाचणे.

मानकाने यावर काय केले? २०१८ च्या आवृत्तीत शून्य आकाराच्या रिअ‍ॅलॉकमध्ये जुनी जागा मोकळी करायची की नाही, हे सोय तयार करणाऱ्यावर सोपवले आणि ही रीत पुढे काढून टाकली जाईल असे सुचवले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत ते वर्तन 'अनिर्धारित' ठरले. या शब्दाचा मानकातील अर्थ नीट समजून घ्यायला हवा. 'तयार करणाऱ्याने ठरवावे' यात निदान त्याने काय ठरवले ते लिहून ठेवण्याची जबाबदारी असते. 'अनिर्धारित' म्हणजे काहीही झाले तरी मानकाची तक्रार नाही. असा प्रसंग येणारच नाही असे गृहीत धरण्याची मुभाही कंपायलरला मिळते. पूर्वी उत्तरपत्रिकेत दोन उत्तरे मान्य होती. आता प्रश्नच रद्द केला. पण शून्य नोंदींचा तास यायचा थांबत नाही.

काहींनी काढलेली वाट

यातून मार्गच नव्हता असे नाही. ओपनबीएसडीमध्ये शून्य बाइट मागितले तर एक वेगळा पत्ता मिळतो, पण तो संरक्षित जागेतला असतो. त्याला हात लावला की आज्ञावली तिथल्या तिथे थांबते. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून शून्याच्या मागणीला १६ हा ठरलेला पत्ता मिळतो. तो नल नाही, म्हणून त्याला कोणी नकार समजत नाही. त्या पत्त्यावर खरी जागाही नाही, म्हणून तिथे वाचायला किंवा लिहायला गेले की चूक लगेच पकडली जाते. शिवाय त्यासाठी एक बाइटही वाया जात नाही. सर्वांना तोच पत्ता मिळतो, एवढीच त्याची मर्यादा.

म्हणजे 'हो, शून्य दिले' आणि 'नाही, देता येत नाही' यांसाठी दोन वेगळ्या खुणा ठेवणे शक्य होते, आणि तेही स्वस्तात. समितीने जो फायदा 'तात्त्विक' म्हणून बाजूला ठेवला, तो व्यवहारातलाच होता.

वर्गात काय सांगावे

ही चिकित्सा वाचून सी भाषा टाकाऊ आहे असे कोणी समजू नये. जुन्या आज्ञावल्या जपत भाषा चालवणे किती कठीण असते, याची आम्हाला कल्पना आहे. पण जोवर नियम असा आहे, तोवर आपल्या विद्यार्थ्यांना तीन गोष्टी जरूर सांगाव्यात.

एक, नल आला म्हणजे जागा नाही असे लगेच ठरवू नये. मागणी शून्याहून मोठी होती का, ते आधी पाहावे. हवे तर शून्याच्या ठिकाणी एक बाइट मागावा. मग नलचा एकच अर्थ उरतो. दोन, रिअ‍ॅलॉककडे शून्य कधीही जाऊ देऊ नये. जागा नको असेल तर सरळ फ्री म्हणावे आणि पत्त्याच्या जागी स्वतःच नल लिहावा. तीन, आज्ञावली तपासताना मोठमोठ्या नोंदींबरोबर एक रिकामी फाइलही द्यावी. आमच्या आज्ञावलीला आम्ही वर्षानुवर्षे रिकाम्या फाइली देत होतो, पण त्या देतो आहोत हे आम्हाला ठाऊकच नव्हते. ती चालते हा योगायोग होता. आम्ही त्याला पुरावा समजलो.

ज्या शाळेत संगणक आहे तिथे एक छोटा प्रयोग करता येईल. शून्य बाइट मागून मिळालेला पत्ता छापणारी चार ओळींची आज्ञावली लिहा आणि जितक्या वेगवेगळ्या यंत्रांवर चालवता येईल तितक्यांवर चालवा. प्रत्येक यंत्राचे उत्तर फळ्यावर मांडा. बहुधा सगळीकडे पत्ताच मिळेल. तेव्हा मुलांना विचारा की, सगळीकडे असेच घडले म्हणून हा नियम आहे असे म्हणता येईल का? निरीक्षण आणि नियम यांतला फरक शिकवायला याहून सोपा प्रयोग आम्हाला माहीत नाही.

आणि निकालपत्रक भरताना एखाद्याच्या नावापुढे शून्य लिहावे लागले, तर ते नीट, ठळक लिहा. तो मुलगा परीक्षेला आला होता.